कांद्याची रोपे उगवून आडवी पडत होती, ती अशी थांबली

बी ७-८ दिवसांत छान उगवायचे. पात दोऱ्याएवढी झाली की एका सकाळी रोपे मातीलगत चिमटल्यासारखी बारीक होऊन आडवी, वरची पात मात्र हिरवीच. तीन ट्रे गेले, फार जीव जळला.

पाणी वाढवले तर मर वाढली. नव्या बियाण्याने फरक पडला नाही. ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी) रोपे पडू लागल्यावर टाकला, तेव्हा उशीर झालेला असतो. मूळ कारण बुरशी, आणि तिला पोसणारी दाट पेरणी व सतत ओला वरचा थर.

मग हा क्रम जमला. ट्रे साबणाने धुऊन कडक उन्हात वाळवला. जुनी माती टाकून २ भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), १ भाग चाळलेले गांडूळखत, १ भाग जाड वाळू. मिश्रण आधी भिजवून बी १ सेंटीमीटर खोल, तेवढ्याच अंतरावर पेरले; वर कोरड्या वाळूचा पातळ थर. झाकण फक्त पहिला हिरवा, आकड्यासारखा वाकलेला कोंब दिसेपर्यंत, नंतर मोकळी हवा. यापुढे वरून पाणी अजिबात नाही: ट्रे १५ मिनिटे पाण्याच्या परातीत ठेवून पूर्ण निथळवायचा. पुन्हा पाणी वाळू फिकी पडून ट्रे हाताला हलका लागल्यावरच.

शॅलॉटच्या (छोट्या कांद्याचा एक प्रकार) बियांनाही हेच चालले.