घर घेण्यापूर्वी परिसराचा गुन्हे-नकाशा कसा तयार करावा

पुण्यात घर शोधताना पाणी, पार्किंग आणि शाळा यांची चौकशी आपण बारकाईने करतो. सुरक्षिततेबाबत मात्र एजंटच्या ‘एरिया चांगला आहे’ एवढ्या शब्दावर विसंबतो. इंग्लंड आणि वेल्समध्ये २०११ पासून रस्तानिहाय गुन्ह्यांचा ऑनलाइन नकाशा सर्वांसाठी खुला आहे. तितका तपशीलवार नकाशा आपल्या हाताशी नसला, तरी सार्वजनिक नोंदींवरून आपल्यापुरता नकाशा तयार करता येतो, आणि तेवढे कष्ट घ्यावेत असे मला मनापासून वाटते.

सर्वप्रथम घर कोणत्या पोलीस ठाण्याच्या हद्दीत येते ते निश्चित करावे. औंध-बाणेर पुणे शहर आयुक्तालयात, तर वाकड-हिंजवडी २०१८ साली सुरू झालेल्या पिंपरी-चिंचवड आयुक्तालयात मोडतात. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशानुसार संवेदनशील प्रकरणे वगळता एफआयआर संकेतस्थळावर ठेवावे लागतात. महाराष्ट्र पोलिसांच्या सिटिझन पोर्टलवर आयुक्तालय, पोलीस ठाणे आणि तारखा निवडल्यास ते पाहता येतात.

एफआयआर उघडल्यावर तीन रकाने पाहावेत: कलम, घटनेची वेळ आणि घटनास्थळ. घटनास्थळाच्या रकान्यात पोलीस ठाण्यापासूनची दिशा आणि अंतरही दिलेले असते. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाल्यामुळे चोरीसाठी ३०३, हिसकावून केलेल्या चोरीसाठी ३०४, राहत्या घरातील चोरीसाठी ३०५ आणि घरफोडीसाठी ३३१ ही कलमे दिसतील. त्याआधीच्या नोंदींत चोरीला ३७९ आणि घरातील चोरीला ३८० असे. गुगल माय मॅप्समध्ये प्रत्येक प्रकाराला वेगळा रंग देऊन खुणा कराव्यात. खूण जवळच्या चौकावर करावी. फिर्यादीचे नाव किंवा फ्लॅट क्रमांक नकाशात घालू नये, कारण तो त्या माणसाच्या अडचणीचा तपशील असतो.

खरी कसोटी नकाशा वाचताना लागते. स्वारगेट एसटी स्थानकाभोवती खिसेकापूंच्या खुणा दाट दिसल्या, तर त्याला तिथली रोजची गर्दीही कारणीभूत असते; तेवढ्यावरून मागच्या गल्लीतील घरे असुरक्षित ठरत नाहीत. उलट, एखाद्या शांत सोसायटीच्या परिसरात दुपारच्या वेळी, बंद फ्लॅटमध्ये झालेल्या चार-पाच घरफोड्या दिसल्या, तर संख्या लहान असूनही नवरा-बायको दोघेही नोकरीला जाणाऱ्या कुटुंबाने त्याची गंभीर दखल घ्यावी. वर्षांची तुलना करताना हद्दींकडे लक्ष असू द्यावे. २०२४ च्या अखेरीस बाणेर, खराडी, वाघोली, आंबेगाव अशी नवी ठाणी सुरू झाली. त्यामुळे चतुःशृंगी ठाण्याच्या नोंदी त्यानंतर कमी दिसल्या, तरी त्याचे कारण बाणेरचा भाग वेगळा होणे हेही असू शकते.

लैंगिक अत्याचाराचे एफआयआर पोर्टलवर नसतात, म्हणून नकाशा मोकळा दिसला तरी महिलांनी त्याला सुरक्षिततेची हमी मानू नये. त्यासाठी प्रकाश, वर्दळ, पदपथ यांवरून जागांना गुण देणारे सेफ्टीपिन ॲप जोडीला वापरावे. शेवटी, रोज ज्या वेळी परतायचे आहे त्या वेळी बसस्टॉपपासून इमारतीच्या फाटकापर्यंत एकदा चालत जावे आणि रस्त्यावरील दिवे चालू आहेत का, दुकाने किती वाजेपर्यंत उघडी असतात, हे तेथील औषधाच्या दुकानात आणि वॉचमनकडे विचारून घ्यावे.