नवा एक्झॉस्ट फॅन आणि छतातलं मोठं भोक: या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी

घरदुरुस्तीच्या कामात नवीन आलेल्या मुलाला बाथरूमच्या छतातला फॅन बदलायला सांगा, तो आधी जुना फॅन उतरवून मोकळा होतो. मग कळतं की नव्याचा डबा, म्हणजे मोटर आणि पंखा बसवलेली पेटी, चांगला चार-पाच सेंटिमीटरने लहान आहे आणि छतातलं भोक मोठं पडतंय. लगेच फोमच्या बाटलीची शोधाशोध सुरू. हे काम मी बरीच वर्षं करतोय, शिकवतोही, आणि यावर माझं मत ठाम आहे: भोक कशाने बुजवायचं हे नंतर बघू, फॅन कशाला धरून राहणार ते आधी ठरवा.

छताला लावलेला जिप्सम बोर्ड फॅन पेलण्यासाठी नसतो. बोर्डात स्क्रू मारून फॅन टांगला तर पहिले काही दिवस सगळं झकास चालतं. मग मोटरच्या थरथरीने स्क्रूभोवतीच्या जिप्समचा भुगा होतो, डबा ढिला पडतो आणि घरघर सुरू होते. फोमचं तर आणखी वाईट. तो फुगताना डब्याचा पातळ पत्रा आत दाबतो आणि पंख्याचं पातं कडेला घासायला लागतं. फोमने फट बंद होईल, आधार मिळणार नाही.

कामाची सुरुवात मेन बंद करून. नुसत्या बटणावर विसंबू नका, कारण कुणीतरी बटण न्यूट्रलवर टाकलेलं असू शकतं. मग बटण बंद असतानाही फॅनपर्यंत फेज, म्हणजे करंट असलेली वायर, जिवंत राहते. दिवा असलेल्या फॅनला वायर दोन ठिकाणांहून आलेली असू शकते, म्हणून प्रत्येक वायर तपासा. आणि टेस्टर आधी चालू पॉइंटवर लावून बघा, तो स्वतःच मेलेला नाही ना! वायरिंगचा परवाना किंवा सराव नसेल तर जोडणी इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या. इमारत जुनी असेल आणि छताच्या शीटमध्ये अ‍ॅसबेस्टॉस असल्याची शंका असेल, तर तपासणी होईपर्यंत करवत लावू नका.

जुना डबा निघाला की बॅटरी घेऊन भोकात नीट बघा. कडेला काळपट धुळीचा पट्टा दिसतो का? तिथून हवा गळत होती. दमट हवा छतावरच्या पोकळीत शिरली की लाकूड कुजतं, बुरशी धरते. म्हणून फट फॅनच्या जाळीखाली (खालून दिसणाऱ्या झाकणाखाली) झाकली गेली तरी उघडी ठेवायची नसते.

आता मापं. जाळी भोकाच्या चारही कडांवर किमान एक सेंटिमीटर बसत असेल तर नशीब चांगलं. वाशांमध्ये आधार द्यायचा, डबा त्याला कसायचा, बारीक फट सीलंटने बंद करायची. जाळी पुरत नसेल तर दोन वाटा: जाळी आणि छताच्या मधे एक चौकट-प्लेट टाकणं किंवा बोर्डाचं ठिगळ लावणं. पीव्हीसी शीटची प्लेट छताच्या रंगात रंगवली तर घाईच्या कामात वाईट दिसत नाही. ती स्क्रूने लावा, चिकटवून टाकू नका. उद्या मोटर काढायची वेळ येईल. मला स्वतःला ठिगळच आवडतं. वेळ खातं, पण नंतर कुणाला सापडत नाही.

आधारासाठी दोन वाशांमधल्या अंतराएवढ्या लाकडी पट्ट्या कापा आणि तिरके स्क्रू मारून वाशांना पक्क्या करा. फॅन यांनाच टांगायचा. छत लोखंडी चॅनलचं असेल तर मधे आडवा चॅनल टाकून त्याला वरून आधार द्या. ठिगळाच्या ज्या कडेमागे वासा येत नाही, तिथे भोकातून एक पट्टी आत सरकवून जुन्या बोर्डाच्या मागे धरावी लागते. ती हातातून सुटली की गेली छतात! म्हणून पट्टीच्या मध्यावर एक स्क्रू अर्धवट मारून ठेवा. तोच मुठीसारखा धरायचा, खालून बोर्डातून दोन स्क्रू पट्टीत कसायचे आणि मग मधला काढून घ्यायचा.

डब्याची खोली चुकली की जाळी छताला टेकत नाही. डब्याची कड आणि छताचा खालचा पृष्ठभाग एका पातळीत हवेत. मापपट्टीऐवजी त्याच बोर्डाचा तुकडा पट्टीखाली धरून डबा त्याच्या तळाशी जुळवा, आपोआप बरोबर येतो. बोर्ड 12.5 मिलिमीटरचाच असेल असं गृहीत धरू नका. ठिगळातलं फॅनचं भोकही जमिनीवरच कापा, डबा त्यातून घालून बघा आणि मगच शिडी चढा. बाथरूमला ओलावा सोसणारा बोर्ड घ्या. सांध्यांवर जाळीची टेप आणि पुट्टीचे पातळ थर. एकच जाड थर दिला तर वाळताना तडकतो.

ठिगळ बंद करण्याआधी डक्ट, म्हणजे हवा बाहेर नेणारी नळी. जुनी नळी 150 मिलिमीटरची आणि नव्या फॅनचं तोंड 100 चं असेल तर जोडतुकडा लावता येतो. उलट असेल, म्हणजे तोंड मोठं आणि नळी बारीक, तर फॅन धापा टाकतो आणि हवा कमी निघते. लवचीक नळी ताणून घ्या, वळणं कमी ठेवा, बाहेरच्या बाजूला किंचित उतार द्या म्हणजे आत जमलेलं पाणी मोटरवर येत नाही. सांध्यांना अ‍ॅल्युमिनियमची टेप लावा, कापडी टेप कालांतराने सुटते. नळीचं तोंड इमारतीबाहेरच निघालं पाहिजे. फॅनच्या तोंडाशी बाहेरची हवा परत आत येऊ न देणारी झडप असते; तिला कारखान्यातून चिकटवलेली टेप असेल तर ती काढा आणि बोटाने झडप हलवून बघा.

पुट्टी घासून, रंग वाळल्यावरच जाळी लावा, नाहीतर सगळी धूळ मोटरमध्ये. मग दार लावून फॅन चालवा आणि टिश्यू पेपरचा तुकडा जाळीला टेकवा. तो धरून राहिला तर ठीक. पडला तर दार थोडं उघडून पुन्हा बघा. आता धरला, तर दाराखाली हवेला वाट नाही, खालची फट वाढवा. तरीही पडला, तर झडप आणि नळी तपासायला परत शिडीवर.