साडेतीन महिने चुकीच्या फाइलमध्ये

दर दोन-तीन दिवसांनी सकाळी सहा वाजता माझा पाय बसायचा. पाय म्हणजे रास्पबेरी पाय, तळहातावर मावणारा छोटा संगणक. घरच्यांनी हा विनोद वर्षभर पुरवून वापरला. चहा देताना बायको विचारायची, "आज पायाला आराम आहे का?"

२०१९ सालची गोष्ट. मी साताऱ्यात एका पतसंस्थेत हिशेबनीस आहे. संगणकाचं शिक्षण म्हणजे टॅली आणि एक्सेल. पायथन, म्हणजे प्रोग्राम लिहायची एक भाषा, शिकलो तो चाळिशीत, जेवणं झाल्यावर, पोरांची शाळेची वही शेजारी आणि माझा लॅपटॉप इकडे, अशा थाटात. पहिले दिवे लुकलुकवून झाले, आणि मग मनाशी एक खरं काम धरलं. गच्चीवरच्या टाकीत पाणी किती आहे ते दर पाच मिनिटांनी मोजायचं, फाइलमध्ये लिहायचं आणि सकाळी सहाला आदल्या दिवसाचा आलेख काढून मोबाईलवर पाठवायचा. नळाला पाणी कधी येतं यावर आमच्या गल्लीत रोज वाद होतो. आलेख दाखवला की वाद मिटेल, असा माझा भाबडा समज होता.

सामान साधंच. रास्पबेरी पाय ३, आवाजाच्या लहरींनी अंतर मोजणारा एचसी-एसआर०४ सेन्सर आणि एक मोबाईलचा चार्जर. हे सगळं जिन्याच्या टोपीत, श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात. प्लगपासून डबा लांब, म्हणून बाजारातून दोन मीटरची केबल आणली. स्वस्त होती आणि दिसायलाही छान होती. ही केबल लक्षात ठेवा.

टेबलावर सगळं आठवडाभर बिनबोभाट चाललं होतं. डब्यात गेलं आणि तिसऱ्या दिवशी वायफाय गायब. बंद करून चालू केलं, चाललं. दोन दिवसांनी पुन्हा तेच. मग एकदा मेमरी कार्डच खराब झालं आणि पाय उठेनाच. कधी आलेख अर्धवट, कधी फाइल शून्य बाइटची. आणि हे सगळं नेमकं सहाच्या सुमाराला, म्हणजे आलेखाचा प्रोग्राम चालू झाला की. तुम्ही माझ्या जागी असता तर दोष कुणाला दिला असता? मी पण तेच केलं.

आलेखाचा प्रोग्राम चार वेळा नव्याने लिहिला. आलेख काढून देणाऱ्या मॅटप्लॉटलिब या पायथन पॅकेजची आवृत्ती बदलून पाहिली. आणि सगळ्यांत लाजिरवाणी गोष्ट म्हणजे प्रत्येक ओळीभोवती 'ट्राय' घालून खाली 'एक्सेप्ट' आणि 'पास' लिहून ठेवलं, म्हणजे चूक झाली तरी गप्प बसून पुढे जा. नवख्यांनो, हे एवढं करू नका. 'एक्सेप्ट'खाली 'पास' लिहिणं म्हणजे पोराच्या प्रगतिपुस्तकातलं लाल शाईचं पान फाडून टाकणं. चूक आहे तिथेच असते, फक्त तुम्हाला कळायची बंद होते. चूक झाली की पायथन तिचं लांबलचक पारायण छापतो, त्याची शेवटची ओळ आधी वाचायची आणि मग वर वर जायचं. मी ती ओळ छापूच देत नव्हतो.

सल्ले देणारे कमी नव्हते. नात्यातला एक इंजिनिअरिंगचा मुलगा फोनवर म्हणायचा, "काका, कार्ड फॉरमॅट मारा आणि नवीन इमेज टाका. पाच मिनिटांचं काम." इमेज म्हणजे कार्डावर उतरवायची तयार सिस्टिम. मी सहा वेळा फॉरमॅट मारला. फॉरमॅट मारल्यावर दोन दिवस बरं चालायचं, म्हणून उपाय लागू पडला असं वाटायचं. फॉरमॅट हा उपाय नाही, तो पंचनामा होण्याआधी जागा धुऊन काढण्याचा प्रकार आहे. त्या मुलावर राग नाही, पण पाच मिनिटांत उत्तर देणाऱ्या माणसाकडून शिकायचं नाही असं तेव्हापासून ठरवलंय. आता चॅटबॉटही तसेच झालेत. तुमची केबल त्यांना दिसत नाही, तरी पन्नास ओळींचा नवा कोड हातात ठेवतात.

सुटका केली ती टीव्ही दुरुस्त करायला आलेल्या अण्णांनी. त्यांना पायथन म्हणजे अजगर एवढंच ठाऊक. टीव्हीचं काम झालं, चहा घेता घेता मी आपली रडगाणी सुरू केली. अण्णांनी विचारलं, "किती व्होल्ट येत्यात त्याला?"

"पाच."

"मोजलेत?"

"चार्जरवर छापलंय ना."

"छापल्यालं न्हवं ओ साहेब, आल्यालं किती?"

साडेतीन महिन्यांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता, मीही नाही.

वर गेलो. अण्णांनी मल्टिमीटरची टोकं पायच्या पिनांना लावली, दोन नंबरची पिन ५ व्होल्टची आणि सहा नंबरची ग्राउंडची. आकडा आला ४.८. मी म्हटलं, ठीकच आहे की. अण्णा म्हणाले, "आता राबवा त्याला." मी मोबाईलवरून आलेखाचा प्रोग्राम चालू केला. आकडा उतरायला लागला, ४.७, ४.६, मग ४.५ वर रेंगाळला. आणि माझ्या हातातल्या मोबाईलवर पायशी असलेलं कनेक्शन तुटलं. आम्ही दोघं त्या डब्याकडे बघत राहिलो. अण्णांनी केबल हातात घेऊन चिमटीत दाबली आणि म्हणाले, "हिच्यात तांबं न्हाईच."

आता हे जरा सावकाश सांगतो, कारण इथेच मी अडकलो होतो आणि तुम्हीही अडकणार आहात.

केबलमध्ये वीज जाते एका तारेने आणि परतते दुसऱ्या तारेने. म्हणजे दोन मीटरच्या केबलमध्ये विजेला चार मीटर तार तुडवावी लागते. स्वस्त केबलमधली २८ गेजची तार (गेजचा आकडा जितका मोठा, तितकी तार बारीक) मीटरला साधारण ०.२१ ओहम रोध करते, म्हणजे चार मीटरला ०.८५ ओहम. पाय निवांत बसलेला असताना समजा ०.३ अँपिअर घेतो. मग तारेत पाव व्होल्ट खर्च होतो आणि चार्जरने ५.१ व्होल्ट दिले तर ४.८ पोचतात. पण आलेख काढताना प्रोसेसर राबतो, वायफाय बोलतं, आणि तोच पाय ०.७ अँपिअर मागतो. ०.७ गुणिले ०.८५ म्हणजे ०.६. पोचले ४.५. रास्पबेरी पायची धोक्याची रेषा ४.६३ व्होल्टला आहे. तिच्या खाली गेलं की पाय ३ स्वतःचा वेग १.२ गिगाहर्ट्झवरून ६०० मेगाहर्ट्झवर आणतो, आणि आणखी खाली गेलं की यूएसबी, वायफाय, कार्डावरचं लिखाण यांतलं काय कोलमडेल याचा नेम नाही. हीच दोन मीटरची केबल २४ गेजची असती तर ०.७ अँपिअरलाही ४.८५च्या आसपास व्होल्ट पोचले असते.

म्हणजे चार्जर चांगला होता आणि प्रोग्रामही चांगला होता. वीज कमी पडते तेव्हा आळ हमखास प्रोग्रामवर येतो, कारण प्रोग्राम सगळ्यांत जास्त राबतो त्याच क्षणी ती कमी पडते. सहा वाजता माझा प्रोग्राम चुकत नव्हता, तो नुसता काम करत होता.

पाय हे सांगत नव्हता का? सांगत होता. स्क्रीन जोडलेली असती तर कोपऱ्यात पिवळी वीज चमकली असती. मी स्क्रीन न लावता लांबूनच जोडणी करत होतो. पाय ३ वरचा लाल दिवा अशा वेळी विझतो. तो श्रीखंडाच्या डब्यात होता. आणि सिस्टिमच्या नोंदींमध्ये रोज सहा वाजून काही सेकंदांनी 'अंडर-व्होल्टेज डिटेक्टेड' अशी स्वच्छ ओळ होती. मी फक्त माझ्या प्रोग्रामची नोंदवही वाचत होतो, सिस्टिमची कधी उघडलीच नाही. हिशेबनीस असून.

टर्मिनलवर, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, द्यायची एक आज्ञा पाठ करा. व्ही-सी-जेन-सी-एम-डी सलग, मग जागा सोडून गेट, अंडरस्कोर, थ्रॉटल्ड. उत्तर शून्य आलं तर वीज ठीक आहे. ५०००५ आलं तर शेवटचा ५ 'आत्ता' सांगतो आणि पहिला ५ 'चालू केल्यापासून कधीतरी'. पाच म्हणजे एक अधिक चार. एक म्हणजे व्होल्टेज कमी, चार म्हणजे वेग कापला. नुसतं ५०००० आलं तर आत्ता बरं आहे, पण मघाशी घसरलं होतं. आणि मेख अशी की हा आकडा रीस्टार्ट केला की पुसला जातो. मी काय करायचो? काही बिघडलं की आधी रीस्टार्ट. जमलं तर आधी ही आज्ञा द्या, मग काय बंद-चालू करायचं ते करा.

आता माझा दुसरा पराक्रम. अण्णांनी मोजलेलं पाहून मला जोर चढला. रविवारी स्वतः मोजायला गेलो आणि मीटरचं टोक घसरून एक आणि दोन नंबरच्या पिना एकदम शिवल्या. एक नंबर ३.३ व्होल्टची आणि तिच्या अगदी शेजारी दोन नंबर ५ व्होल्टची. ठिणगीही दिसली नाही, पण पाय गेला. साडेतीन महिने विजेच्या उपासमारीत टिकलेलं बोर्ड मी अर्ध्या सेकंदात जास्त वीज देऊन मारलं. पिनांवर टोकं टेकवू नका. चार (तीही ५ व्होल्टचीच) आणि सहा नंबरच्या पिनांवर दोन जंपर वायरी बसवा, त्या बाहेर काढा आणि मग लांबून मोजा. सेन्सरचंही तेच. एचसी-एसआर०४च्या इको पिनेवर, म्हणजे सेन्सर उत्तर देतो त्या पिनेवर, ५ व्होल्ट येतात आणि पायला ३.३च्या वर चालत नाही. मध्ये १ किलो आणि २ किलो ओहमचे दोन रेझिस्टर घालून दोन तृतीयांश करून घ्या.

एक बोर्ड जाणं म्हणजे काही जगबुडी नाही. माझ्या ओळखीत ज्याला हे काम खरंच येतं, अशा प्रत्येकाने निदान एक तरी जाळलंय.

पुढच्या मॉडेलांबद्दल थोडक्यात. पाय ४ ला ३ अँपिअरचा अडॅप्टर लागतो. पाय ५ ला ५ व्होल्टवर ५ अँपिअर, आणि इथे लॅपटॉपचा ६५ वॉटचा चार्जर लावून लोक फसतात. तो चार्जर सहसा मोठे वॉट २० व्होल्टला देतो, ५ व्होल्टला तीनच अँपिअर. पाय ५ चालतो, पण यूएसबीला जाणारी वीज ६०० मिलिअँपिअरवर आवळतो, मग हार्ड डिस्क उठत नाही आणि आपण ड्रायव्हर शोधत बसतो. पायचा अधिकृत अडॅप्टर महाग वाटला तरी घ्या. त्याची केबल त्यालाच जोडलेली असते, गेजची भानगड नाही. पुण्यात तापकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला गेलात तर ३७ सेन्सरचा संच घेऊ नका, त्या पैशांत साधा मल्टिमीटर घ्या. संचातले तीस सेन्सर माझ्याकडे अजून पिशवीतच आहेत.

शिकायचं कुठून, हा प्रश्न सगळे विचारतात. साहित्य रग्गड आहे, फक्त त्याची तारीख बघत जा. एप्रिल २०२२च्या आधीचा धडा सांगेल की 'पाय' या नावाने आणि 'रास्पबेरी' या पासवर्डने आत जा. ते खातं तेव्हापासून आपोआप तयार होत नाही, इमेज लिहितानाच आपलं नाव द्यावं लागतं. पायच्या सिस्टिमच्या ऑक्टोबर २०२३च्या बुकवर्म आवृत्तीपासून पिपने (पायथनची पॅकेजं उतरवणारी आज्ञा) थेट पॅकेज टाकायला गेलं की सिस्टिम अडवते, आधी व्हेन्व, म्हणजे त्या कामापुरता पायथनचा वेगळा कप्पा, करावं लागतं. जीपीआयओ म्हणजे प्रोग्राममधून हाताळता येणाऱ्या पिना. त्यासाठीचं जुनं आरपीआय-जीपीआयओ पॅकेज पाय ५ वर चालत नाही, जीपीआयओ-झिरो वापरा. यातलं काही अडलं तर तुम्ही मठ्ठ नाही, धडा शिळा आहे. हे मला कुणी सांगितलं असतं तर कितीतरी रात्री वाचल्या असत्या.

मराठीतून सुरुवात हवी असेल तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलमध्ये लिनक्स (पायवर चालणारी सिस्टिम) आणि पायथनचे दहा-दहा मिनिटांचे धडे मराठी आवाजात मिळतात. आवाज जरा सरकारी आहे, पण थांबवत थांबवत शेजारी स्वतः टाइप करायची त्यांची पद्धत उत्तम. पुढे रास्पबेरी पायचे अधिकृत दस्तऐवज. इंग्रजीला घाबरू नका, दुसऱ्या महिन्यात तेच तेच शब्द भेटायला लागतात. टर्मिनलवर 'पिनआउट' टाइप केलं की समोरच्या बोर्डाचा पिनांचा नकाशा येतो, हे मला दोन वर्षांनी कळलं. तोवर मी जीपीआयओ १८ म्हणजे अठरावी पिन समजून चाललो होतो. ती बारावी आहे.

आणि कुणाला मदत मागाल तेव्हा मॉडेल कोणतं, वीज कशातून देताय, शेवटची चूक जशीच्या तशी आणि काय काय मोजलं हे चारही लिहा. 'चालत नाहीये, प्लीज हेल्प' याला अण्णासुद्धा उत्तर देणार नाहीत.

खरं सांगायचं तर टाकीसाठी मला पायची गरजच नव्हती. आज करायचं तर पिको डब्ल्यू, म्हणजे रास्पबेरी पायवाल्यांचाच आणखी लहान बोर्ड, घेईन. त्यात कार्ड नाही, मागे लिनक्स नाही, लाईट गेली-आली तरी त्याचं काही बिघडत नाही. पण डब्यातला दुसरा पाय ३ अजून चालतोय, म्हणून हलवत नाही. केबल अर्ध्या मीटरची केली आणि प्लग जवळ आणला, इलेक्ट्रिशियनने त्याचे तीनशे घेतले. आलेख रोज सहाला येतो. पाणी कधी येतं हा वाद मात्र मिटलेला नाही, शेजारी म्हणतात तुमचं यंत्र चुकतंय. डब्याच्या झाकणाला लाल दिवा दिसावा म्हणून एक भोक पाडलंय. त्यातून मुंग्या आत जातात, श्रीखंडाचा वास अजून येत असावा.