क्रॅक आणि टॉरेंट: हॉस्टेलवर या चुका टाळा

सबमिशनच्या आदल्या रात्री ऑटोकॅड, म्हणजे आराखडे काढायचं सॉफ्टवेअर, हवं असतं. ग्रुपवर कुणीतरी क्रॅकची, म्हणजे परवान्याचं कुलूप तोडलेल्या कॉपीची, लिंक टाकतं आणि फोल्डरमधल्या सूचनांची पहिलीच ओळ असते: आधी अँटिव्हायरस बंद करा. सगळ्यात महाग पडते ती इथली चूक. "क्रॅक असला की तो उगाच ओरडतो," असं सीनियर सांगतात. पण राखणदारच घराबाहेर काढल्यावर आत काय शिरलं ते कळणार कसं? स्टॉप-डीजेव्हीयू हे रॅन्समवेअर, म्हणजे फाइली अडकवून खंडणी मागणारं सॉफ्टवेअर, वर्षानुवर्षं याच वाटेने पसरलं. फाइली कुलूपबंद होतात आणि पुष्कळदा चावी मिळतच नाही. शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट एकाच लॅपटॉपवर असेल, तर सगळं संपलं. रेडलाइनसारखे चोर प्रोग्राम वरवर काहीच बिघडवत नाहीत. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड आणि कुकीज (तुमचं लॉगइन चालू ठेवणाऱ्या खुणा) गुपचूप उचलतात.

क्रॅक चालवून झालाय? आधी नेट तोडा. पासवर्ड त्याच लॅपटॉपवरून बदलू नका, मित्राच्या स्वच्छ मशीनवरून बदला आणि प्रत्येक खात्यातून 'सगळ्या डिव्हाइसवरून लॉगआउट' करा. कुकी चोरीला गेली असेल, तर नुसता पासवर्ड बदलून भागत नाही. मग विंडोज नव्याने टाका. खात्यातून पैसे गेले असतील, तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन करा. इथे मिनिटं मोजली जातात.

दुसरी चूक म्हणजे "मी फक्त घेतो, वाटत नाही" हा समज. टॉरेंट म्हणजे लोकांनी एकमेकांच्या संगणकांवरून तुकड्यातुकड्यांनी फाइल घेणं. त्यात फाइल उतरत असतानाच तिचे तुकडे तुमच्याकडून इतरांना जातात, आणि तुमचा आयपी पत्ता, म्हणजे तुमच्या नेट जोडणीचा क्रमांक, त्या सगळ्यांना दिसतो. म्हणजे तुम्ही वाटपही करता. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ६३ मध्ये सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड आहे. नफ्यासाठी केलं नसेल, तर न्यायालय शिक्षा कमी करू शकतं. पण त्यासाठी आधी कोर्टाची पायरी चढावी लागते.

मला खरी हळहळ वाटते ती याची, की यातलं बरंचसं फुकट मिळतं. ऑटोकॅड बनवणारी ऑटोडेस्क कंपनी पात्र विद्यार्थ्यांना ते मोफत देते. मात्र पडताळणीला वेळ लागू शकतो, म्हणून अर्ज सत्राच्या सुरुवातीलाच करा. मॅटलॅब या गणिती सॉफ्टवेअरऐवजी बऱ्याच प्रॅक्टिकलना सायलॅब हे मोफत सॉफ्टवेअर चालतं. ते शिकायला आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्युटोरियल आहेत.