स्मिथ अँड वेसन रिव्हॉल्वरचा मॉडेल क्रमांक कसा वाचावा

स्मिथ अँड वेसन या अमेरिकी कंपनीच्या रिव्हॉल्वरना १९५७ पर्यंत मॉडेल क्रमांक नव्हते, केवळ नावे होती. त्या वर्षी कंपनीने क्रमांक ठरवले आणि ‘मिलिटरी अँड पोलीस’ हे मॉडेल १० झाले, ‘चीफ्स स्पेशल’ ३६, तर १९३५ पासून बनणारे .३५७ मॅग्नम २७. त्यामुळे त्याआधीच्या नगावर क्रमांक सापडत नाही. पुढे मॉडेल २९ झालेल्या .४४ मॅग्नमच्या अशा जुन्या नगाला संग्राहक ‘प्री-२९’ म्हणतात. ही संग्राहकांची सोय आहे, कंपनीने दिलेले नाव नव्हे.

क्रमांक पाहण्यापूर्वी शस्त्र रिकामे असल्याची खात्री करावी. त्यानंतर सिलिंडर, म्हणजे काडतुसे बसणारा फिरता भाग, बाजूला बाहेर झुकवून, त्याला धरणारा बिजागरीचा हात, म्हणजे योक, मिटल्यावर फ्रेमच्या ज्या खाचेत बसतो तेथे पाहावे. ‘मॉड’ या अक्षरांपुढे मॉडेल क्रमांक असतो. योकवर व खाचेत जुळणीसाठी ठोकलेले वेगळे आकडेही असू शकतात आणि नवखा संग्राहक बहुधा त्यांनाच अनुक्रमांक समजून बसतो. जुन्या नगांचा अनुक्रमांक मुठीच्या तळाशी पाहावा.

खरी गंमत क्रमांकानंतरच्या आडव्या रेघेत आणि तिच्यापुढच्या आकड्यात आहे. रचनेत नोंद घेण्याजोगा बदल झाला की हा आकडा वाढतो. मॉडेल २९ चेच पाहा. १९६० च्या २९-१ मध्ये रिकामी काडतुसे बाहेर ढकलणाऱ्या दांड्याचे आटे उलट्या दिशेचे केले गेले, कारण सिलिंडरच्या फिरण्याने तो दांडा सैल होत असे. लगेच १९६१ मध्ये २९-२ आले आणि चापाच्या कड्यापुढचा स्क्रू गेला. त्यानंतर १९८२ मध्ये २९-३ येईपर्यंत २९-२ हाच शिक्का चालू राहिला. म्हणून ‘२९-२’ एवढे वाचून उत्पादनाचे वर्ष सांगणे निव्वळ धाडसाचे ठरते. त्यासाठी अनुक्रमांकच पाहावा लागतो. १९६९ च्या सुमारास या मोठ्या फ्रेमच्या अनुक्रमांकापुढील ‘एस’ जाऊन ‘एन’ आले, हा त्यातला उपयोगी टप्पा आहे.

रेघेपुढचा आकडा सर्व मॉडेलांत एकाच बदलाची खूण असतो, हा समज मात्र सोडून द्यावा. १९८२ च्या सुमारास नळी फ्रेममध्ये पक्की धरणारी आडवी पिन काढून टाकली गेली. हा बदल मॉडेल २९ मध्ये २९-३ या आकड्याने नोंदला गेला, पण मॉडेल १९ मध्ये १९-५ ने. म्हणून आकडा वाचल्यावर पिन आहे का, आणि सिलिंडरच्या भोकांना काडतुसाची कड आत बसेल अशी खोबण आहे का, हे डोळ्यांनी ताडून पाहावे. शिक्का आणि रचना जुळत नसल्यास सुटा भाग बदलला गेल्याची शंका घ्यावी.

स्टेनलेस स्टीलच्या मॉडेलांत ६ हा आकडा वारंवार भेटतो. २९ चे ६२९ आणि ५८६ चे ६८६ होणे सरळ आहे. पण १९ चे ६६ आणि १० चे ६४ कसे झाले, हे कोणत्याही नियमात बसत नाही, ते पाठच करावे लागते. शिवाय ६१ हे तर रिव्हॉल्वरच नसून खिशात मावणारे छोटे पिस्तूल आहे.