आई-वडिलांच्या पश्चात त्यांच्या क्रेडिट कार्डाची थकबाकी

वसुलीवाल्याचा फोन आला की घाबरून स्वतःच्या खिशातून पैसे भरू नका आणि 'मी भरतो' असं तोंडीही कबूल करू नका. हे देणं साधारणपणे मृत व्यक्तीच्या मागे राहिलेल्या पैशातून आणि मालमत्तेतून फेडलं जातं. तुम्ही सहकर्जदार किंवा जामीनदार नसाल, तर मुलगा-मुलगी म्हणून तुमच्या कमाईवर सहसा बोजा येत नाही.

१. बँकेला लेखी कळवा, सोबत मृत्यूच्या दाखल्याची प्रत जोडा. कार्ड बंद करायला सांगा, मृत्यूच्या तारखेपर्यंतचा हिशेब मागा, त्यानंतरचं व्याज आणि दंड माफ करण्याची विनंती त्याच पत्रात करा. पोच जपून ठेवा.
२. कार्डावर विमा होता का, हे आवर्जून विचारा. बँक आपणहून सांगेलच असं नाही.
३. त्या कार्डातून आपोआप जाणारी वीज-फोनची बिलं आधी दुसरीकडे वळवा.
४. हिशेब मिटला की 'काही येणं नाही' असं पत्र घ्याच.

सावधगिरी दोन गोष्टींची: मृत्यूनंतर ते कार्ड, त्यावरचं जोडकार्डसुद्धा (त्याच खात्यावर घरच्या दुसऱ्या व्यक्तीला दिलेलं कार्ड), अंत्यविधीच्या खर्चालाही वापरू नका. आणि देणी फिटण्याआधी वारसांत वाटणी करू नका.