अपडेटच्या बुधवारआधी

विंडोजचे मासिक अपडेट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी निघते. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर तेव्हा सकाळचे १० वाजलेले असतात आणि इथे गोव्यातल्या साखळी गावात रात्रीचे साडेदहा-साडेअकरा. त्यामुळे रीस्टार्टची आठवण येते ती बुधवारी, नेमके दुकान उघडताना. माझे दुकान डीटीपीचे, म्हणजे संगणकावर पत्रिका-पोस्टरे जुळवण्याचे. अपडेटची तयारी सोमवारीच लागते आणि पहिले काम भिंतीवरचे कॅलेंडर बघण्याचे. चतुर्थीआधीचा पंधरवडा असेल किंवा जत्रेतल्या नाटकांची पोस्टरे हातात असतील, तर वर्षाकाठी येणारे मोठे अपडेट घ्यायचेच नाही. सेटिंग्जमध्ये ‘पॉज’ दाबून मोकळे व्हायचे. मासिक अपडेट मात्र फार रेंगाळू देऊ नका, त्यात सुरक्षेच्या दुरुस्त्या असतात. महिन्याच्या शेवटाकडे येणारे ‘प्रीव्ह्यू’ खुशाल सोडा. त्यातल्या दुरुस्त्या पुढच्या महिन्याच्या अपडेटात येतातच.

मग स्टार्टमध्ये ‘विनव्हर’ (winver) टाइप करून आपण विंडोजच्या कुठल्या आवृत्तीवर आहोत ते पाहून घ्या. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. ११ वर जायचे तर टीपीएम २.० (यंत्रातली सुरक्षेची सोय), किमान ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा लागते. ४ जीबीवर ते चालते म्हणतात, पण त्यावर पत्रिका जुळवायला बसू नये.

बॅकअप बाहेरच्या डिस्कवर घ्या आणि काम झाले की डिस्क काढून कपाटात ठेवा. यंत्रावर बिटलॉकर, म्हणजे डिस्कला लागणारे विंडोजचे कुलूप, चालू असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यातून कागदावर उतरवून घ्या. बायोसचे (विंडोजच्याही आधी यंत्र जागे करणाऱ्या प्रोग्रामचे) अपडेट सोबत आले तर यंत्र सुरू होतानाच ती मागू शकते, आणि त्याच यंत्रात ठेवलेली की तेव्हा उघडणार कशी?

विजेचे सांगायलाच नको. एका जुलैत माडाची झावळी तारांवर पडली तेव्हा माझे अपडेट साठ टक्क्यांवर होते. यूपीएसची बॅटरी म्हातारी, पाच मिनिटांत तिने मान टाकली. वीज आल्यावर ‘बदल मागे घेत आहोत’ या ओळीसमोर मी तासभर बसलो, बाहेर गिऱ्हाईक छत्री मिटून उभे. तेव्हापासून पावसाळ्यात आभाळ गडगडत असेल तर अपडेटला हात लावत नाही, आणि यूपीएस किती मिनिटे तग धरतो ते आधी प्लग काढून मोजतो.

आमच्या धंद्याची खरी परीक्षा मराठी अक्षरांची. जुने बिगर-युनिकोड फॉन्ट, त्यांचे कीबोर्ड प्रोग्राम आणि यूएसबीला लागणारे हार्डवेअर लॉक, या सगळ्यांच्या इन्स्टॉल फाइली आणि लायसन्सचे आकडे एका फोल्डरात जमवा. नंतर एक पान तयार करा: श्री, ज्ञानेश्वर, दुसऱ्या, कुऱ्हाड, शृंगार, म्हार्दोळ, शिरगाव, ₹५०१. हे पान अपडेटआधी छापून तारीख घालून ठेवायचे. अपडेटनंतर तेच पान पुन्हा छापून दोन्ही कागद खिडकीच्या काचेवर एकावर एक धरायचे. ‘दुसऱ्या’तला अर्धा र सुटून ‘दुसर्या’ झाला तर पडद्यावर चटकन कळत नाही. पत्रिका घरोघर पोचली की मात्र मामा-काकांना बरोबर कळते. युनिकोडवाल्यांना चिंता कमी. विंडोजमध्ये २०१९ पासून मराठीचा फोनेटिक कीबोर्ड आहेच.

विंडोज ११ ची २४एच२ (२०२४ मधली) किंवा त्यापुढची आवृत्ती घेताना दोन गोष्टी आठवणीत ठेवा. त्यात वर्डपॅड नाही. आरटीएफ फाइली असतील तर त्या उघडणारा दुसरा प्रोग्राम आधीच टाका. दुसरे, दोन संगणकांमधले पासवर्ड न मागणारे शेअर फोल्डर अडू शकते, कारण नेटवर्कवरची सुरक्षा कडक झाली आहे. वापरकर्ता आणि पासवर्ड आधीच बनवून ठेवा. चांगलेही काही मिळते: फाइल एक्सप्लोररमधून थेट ७-झिप फाइल बनवता येते, आणि वाय-फाय ७ ची सोय आहे (आमच्या गल्लीत राउटर अजून त्याच्या कितीतरी मागे).

झाले की प्रिंटर, स्कॅनर, डिजिटल सहीचे टोकन, या क्रमाने तपासा. १० वरून ११ वर गेला असाल तर मागे फिरायला साधारण १० दिवस मिळतात. तोवर डिस्क साफ करण्याच्या उत्साहात ‘विंडोज.ओल्ड’ हे जुनी विंडोज ठेवलेले फोल्डर पुसू नका. अकराव्या दिवसाची खूण मी त्याच भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेनाने करतो, संकष्टीच्या खुणेशेजारी.